अलास्कात खेकड्यांच्या बोटीवर नोकरी: भाच्याला पाठवावं का?

वाडीची मावशी

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्याचा आहे, पण झोप माझी उडाली आहे म्हणून मीच विचारते.

भाचा २३ वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात लागलाय, हातात सतरा हजार येतात. वडील नाहीत. मध्यंतरी मोबाइलवर खेकडे पकडणाऱ्या बोटींचे व्हिडिओ बघायला लागला. घराएवढ्या लाटा, लोखंडी पिंजरे, केशरी रेनकोटातली माणसं आणि शेवटी ताटात न मावणारे खेकडे. तिथेच खाली कुणाचा तरी नंबर मिळाला. आता तो एजंट म्हणतो, अलास्कात दोन महिन्यांचं काम, पंचवीस लाख रुपये, राहणं-खाणं फुकट, अनुभवाची गरज नाही. फाइल चार्ज म्हणून एक लाख ऐंशी हजार आधी भरायचे. आमची ताई पाटल्या मोडायला निघाली आहे.

असं काम खरंच असतं का? माणसं मरतात म्हणतात ते व्हिडिओपुरतं, की खरं? तिथे दिवस कसा जातो? आमचा पोरगा पोहायला शिकला लालबागच्या स्विमिंग पुलात आणि समुद्र पाहिला तो वलसाडजवळच्या तिथल गावच्या सहलीत, एवढीच त्याची तयारी.

कृपा करून चेष्टा नको. ताई पण हे वाचणार आहे.

रावपुरा एक्स्प्रेस

चेष्टा नको म्हणालात म्हणून हात आखडता घेतो. सरावासाठी आपली विश्वामित्री आहेच, मगरी फुकट. बाकी एक लाख ऐंशी हजार आधी मागणारा स्वतःच मोठा खेकडा आहे, त्याला पकडा.

इंजिनरूम

मावशी, मी मूळचा दांडिया बजारचा. जहाजावर इंजिन साइडला नोकरी केली, त्यातली काही वर्षं रीफर जहाजांवर. रीफर म्हणजे अख्खं जहाजच शीतगृह. आम्ही हिवाळ्यात गोठवलेला माल भरायला डच हार्बरला जायचो. अलास्काच्या नैर्ऋत्येला अल्युशियन बेटांची रांग आहे, त्यातल्या उनालास्का गावाचं हे बंदर. बेरिंग समुद्रातल्या खेकड्यांच्या बोटींचा मुक्काम इथेच. त्या बोटींवर मी नोकरी केलेली नाही, पण धक्क्यावर त्या आमच्या शेजारी लागायच्या आणि त्यांची माणसं आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन बसायची. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाव असं की झाड म्हणून शोधावं लागतं. आपल्याकडे उकिरड्यावर कावळे असतात तसे तिथे पांढऱ्या डोक्याचे गरुड, रचलेल्या पिंजऱ्यांवर ओळीनं बसून आमिषाच्या तुकड्यांवर डोळा ठेवून. थंडी म्हणाल तर पारा फार खाली जात नाही. शून्याच्या आसपास, कधी पाच-सात खाली. वारा मात्र माणसाला उभं राहू देत नाही.

आधी पिंजरा समजून घ्या. ते त्याला पॉट म्हणतात. लोखंडी सळयांची चौकट, साधारण सात फूट लांब, सात फूट रुंद, तीन फूट उंच, भोवती जाळं. रिकाम्याचं वजन तीनशे किलोच्या घरात. आत हेरिंग माशाच्या तुकड्यांची बरणी नि कॉड मासा टांगायचा, दार बांधायचं, लाँचरवर घ्यायचा, लाँचर कलला की पॉट पाण्यात. पाठोपाठ दोर आणि बोया. एक ते तीन दिवस तो तळाशी राहतो. मग परत येऊन बोयाकडे आकडा फेकायचा, दोर हायड्रॉलिक ब्लॉकवर चढवायचा, पॉट वर आणायचा, टेबलावर रिकामा करायचा, खेकडे निवडायचे, नवीन आमिष, पुन्हा पाण्यात. मोठ्या बोटीवर असे दीडशे-दोनशे पॉट. शेवटचा झाला की पहिल्यापासून सुरू.

निवडीत फक्त नर ठेवायचे, तेही ठरलेल्या मापाचे. लाल किंग खेकड्याचं कवच साडेसहा इंच भरलं नाही तर परत समुद्रात. मादी कितीही मोठी असली तरी परत. एकेका खेकड्याला सेकंद-दोन सेकंद मिळतात, आणि तोवर पुढचा पॉट वर आलेला असतो.

व्हिडिओत लाट दिसते. मला विचाराल तर लाटेपेक्षा दोर वाईट. पॉट खाली जाताना दोराची वेटोळी डेकवरून झपाट्यानं सुटत जातात. त्यात पाय सापडला तर तीनशे किलो लोखंड माणसाला घेऊन जातं, ओरडायला पण वेळ नाही. वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. शिकायला सोपं आहे. पण अठरा-वीस तास उभं राहून झाल्यावर, पहाटे तीनला, ओल्या डेकवर, क्रेनला टांगलेला पॉट डोक्यावर झुलत असताना ते आठवायला लागतं. मासे भरपूर लागत असले तर कप्तान झोपू देत नाही, आणि लागत नसले तर झोप येत नाही, असं त्यातला एक जण म्हणायचा.

एकदा एका बोटीचा इंजिनियर ब्लॉकचा झिजलेला बुश, म्हणजे आतली धातूची नळी, घेऊन आला. आमच्याकडे लेथ होता. सोबत डेकवरचा एक पोरगा, तुमच्या भाच्याच्याच वयाचा. बुश तयार होईपर्यंत त्याला चहा दिला, तर त्यानं कप उचलला तो दोन तळव्यांत दाबून. बोटं अर्धवट वळलेली, सरळ होत नव्हती आणि पुरती मिटतही नव्हती. नखांच्या कडेला भेगा, खाऱ्या पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या. मनगटावर रेनकोटची बाही घासते तिथे गळवांची ओळ. म्हणाला, झोपून उठलं की पँटचं बटण लावता येत नाही, आधी गरम पाण्यात हात धरून बसतो. हे सगळं हसत सांगत होता. बुशच्या बदल्यात त्यांनी एक किंग खेकडा दिला. आमच्या गोवेकर कुकनं तो नुसता मिठाच्या पाण्यात उकडला, वर लोणी. वाटण नाही, कोकम नाही, काही नाही. सौ. म्हणते, तुम्हाला त्या पोराचे हात आठवतात की खेकडा? खरं सांगायचं तर दोन्ही.

आता बर्फ. भाच्याला एवढा परिच्छेद तरी वाचायला लावा. हवा शून्याच्या दोन-तीन अंश खाली गेली आणि वारा जोरात असला, की उडालेलं समुद्राचं पाणी जिथे पडेल तिथे गोठतं. रेलिंगचा दोन बोटांचा पाइप मांडीएवढा जाड झालेला मी धक्क्यावर पाहिलाय. डेकवर पॉटची उतरंड असते आणि प्रत्येक पॉटला जाळं, म्हणजे बर्फाला धरायला हजार जागा. हे सगळं वजन वर चढतं. बोटीचा तोल खालच्या वजनावर असतो. वर वजन वाढलं की बोट कलते आणि सरळ यायला उशीर लावते. तो उशीर इंजिनवाल्याला आधी पायांना कळतो, डोळ्यांना नंतर. मग सगळ्यांनी लाकडी हातोडे, घण, बेसबॉलच्या बॅटी घेऊन बर्फ फोडायचा. झोपायची पाळी असली तरी उठायचं.

शिवाय बोटीच्या पोटात पाणी. मेलेला खेकडा कारखाना घेत नाही, आणि टाकीत मेलेला शेजारच्यांना पण बिघडवतो. म्हणून ते जिवंत ठेवायला समुद्राच्या पाण्याच्या मोठ्या टाक्या असतात, पंपानं पाणी सारखं फिरतं ठेवायचं. टाकी तुडुंब असेल तर हरकत नाही. अर्धी राहिली तर बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पाणी धावतं आणि तिला आणखी झोपवतं. पंप बंद पडला की बोटीवरच्या इंजिनियरला माल पण वाचवायचा असतो आणि तोल पण.

माणसं मरतात का, असं विचारलंत. डेस्टिनेशन नावाची बोट फेब्रुवारी २०१७ मध्ये सेंट जॉर्ज बेटाजवळ बुडाली. सहा जण होते, सहाही गेले. पॉटांनी भरलेली बोट आणि वर बर्फ. स्कँडीज रोज ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री गेली. सात जणांतले दोघे वाचले, कारण त्यांना इमर्शन सूट चढवून तराफ्यापर्यंत पोचता आलं, आणि हेलिकॉप्टर यायला काही तास लागले तोवर ते टिकले. त्या चौकशीत एक गोष्ट निघाली ती माझ्या डोक्यातून जात नाही. किती पॉट कसे रचायचे याचे तोलाचे कागद बोटीवर होते, बोट त्याप्रमाणेच भरली होती, आणि ते कागदच चुकीचे होते.

इमर्शन सूट म्हणजे पायापासून डोक्यापर्यंत एकच जाड रबरी पोशाख. जहाजावर ड्रिलमध्ये तो दोन मिनिटांत चढवावा लागतो. सपाट डेकवर, उजेडात, चहा पिऊन आलेल्या माणसाची पण धांदल उडते. बोट आडवी झाल्यावर अंधारात काय होत असेल ते तुम्हीच बघा. सूट नसेल तर त्या पाण्याचा हिशेब असा सांगतात: पहिलं मिनिट धाप लागते, ती आवरली नाही तर तिथेच पाणी नाकातोंडात. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात. नंतर ऐकत नाहीत, आणि तासाभरात शुद्ध जाते. लालबागच्या पुलातलं पोहणं पहिल्या मिनिटालाच संपतं.

पैशाचं. ठरलेला पगार नसतो, वाटा असतो. माल विकला की त्यातून डिझेल, आमिष, किराणा, कोट्याचं (ठरलेला माल पकडायच्या हक्काचं) भाडं जातं आणि उरलेल्यातून प्रत्येकाचा हिस्सा. नवख्याला पूर्ण वाटा देत नाहीत. चांगला मोसम असला तर जुने लोक खरंच घबाड घेऊन घरी जातात, ते खोटं नाही. वाईट मोसमात माणूस महिनाभर बोटं मोडून हातात विमानाच्या तिकिटाएवढे पैसे घेऊन उतरतो. त्यामुळे 'दोन महिने, पंचवीस लाख' असा आकडा आधी सांगणारा माणूस त्या धंद्यातला नाही, एवढं मी छातीठोक सांगतो.

वाडीची मावशी

दादा, ताईला वाचून दाखवलं. पाटल्या कपाटात परत गेल्या. पण भाचा म्हणतो हे सगळं जुनं आहे, आता तिथे नियम कडक झालेत, कोटा आला, तेवढा धोका राहिला नाही. खरं का हो?

बडोदा ते सिएटल

मावशी, मी बाबाजीपुऱ्याचा, आता सिएटलला. बेरिंग समुद्रातल्या बऱ्याच खेकड्यांच्या बोटी मोसम संपला की इकडे येऊन राहतात. आमच्या घरापासून जवळच धक्का आहे, मुलांना घेऊन रविवारी बोटी बघायला जातो. माझं काम कॉम्प्युटरचं, बोटीशी संबंध एवढाच. पण भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करू.

पूर्वी सगळ्या बोटी एकाच दिवशी सुटायच्या आणि ठरलेला एकूण माल निघाला की मोसम बंद. लाल किंग खेकड्याचा २००४ चा मोसम तीन दिवसांत उरकला होता. अडीचशे बोटी, प्रत्येकाला घाई, वादळ असो की काही असो, थांबलास तर दुसरा नेणार. नव्वदच्या दशकात या एका मासेमारीत वर्षाला सरासरी सात-आठ माणसं जायची. १९९९ पासून कोस्ट गार्ड बोटी निघण्याआधी धक्क्यावरच तपासायला लागलं, पॉट जास्त रचले असतील तर उतरवायला लावतात. २००५ पासून प्रत्येक बोटीला तिचा हिस्सा, म्हणजे कोटा, ठरवून दिला. घाई गेली, मरणं खूप कमी झाली.

पण त्याच वर्षी लाल खेकड्याला जाणाऱ्या बोटी अडीचशेवरून नव्वदच्या आत आल्या. प्रत्येक बोटीवर पाच-सहा माणसं धरा आणि किती जणांची कामं गेली ते बघा. म्हणजे धोका कमी झाला आणि जागाही कमी झाल्या. आता उरलेल्या जागांवर कप्तानाचा पुतण्या, शेजाऱ्याचा मुलगा, मागच्या वर्षी टिकलेला माणूस असे लागतात. वडोदऱ्याहून फाइल मागवून कुणी घेत नाही.

त्यात खेकडेच गायब झाले होते. २०१८ आणि २०१९ मध्ये बेरिंग समुद्र फार तापला. थंड पाण्यात राहणारा स्नो क्रॅब अब्जांनी मेला. शास्त्रज्ञांचं म्हणणं, गरम पाण्यात त्यांची भूक वाढली आणि खायला पुरलं नाही. २०२०-२१ ला साडेचार कोटी पौंड पकडायची परवानगी होती. २०२२-२३ चा मोसम इतिहासात पहिल्यांदा पूर्ण रद्द झाला, पुढचाही रद्द. २०२४ ला उघडला तेव्हा परवानगी ४७ लाख पौंडांची. लाल किंग खेकडाही २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं बंद होता. त्या काळात धक्क्यावर बोटी नुसत्या उभ्या असायच्या, काहींवर विकायची पाटी.

आणि कायदा. अमेरिकी मासेमारी बोटीवर कप्तान अमेरिकी नागरिकच लागतो. खलाशी नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले. कामाचा व्हिसा घेऊन आलेले परदेशी असले तर ते चौथाईपेक्षा जास्त चालत नाहीत. टुरिस्ट व्हिसावर काम करणं सरळ बेकायदा आहे. एजंट कुठल्या व्हिसावर पाठवतोय ते लेखी मागा, बस.

इंजिनरूम

सिएटलकर, बरं झालं सांगितलंत. फक्त एक भर घालतो. घाई गेली, बर्फ गेला नाही. मी वर लिहिलेल्या दोन्ही बोटी कोटा आल्यानंतरच्या आहेत. माल पोचवायची तारीख कारखान्याशी ठरलेली असते, तीही पाठीला लागतेच.

आणि अमेरिकेतलंच आणखी एक: २००० ते २०१६ या काळात तिकडे बोटीवरून पाण्यात पडून दोनशेच्या वर मच्छीमार गेले, त्यातल्या एकाच्याही अंगात लाइफजॅकेट नव्हतं. निम्म्याहून जास्त जणांना पडताना कुणी पाहिलंच नाही. गैरसोयीचं वाटतं म्हणून घालत नाहीत. आपल्याकडे हेल्मेट आरशाला अडकवतात, त्यातला प्रकार.

बँकेतली बदली

थोडं वेगळं लिहितो. माझी काही वर्षं सौराष्ट्रातल्या वेरावळ बंदरात गेली, बँकेत. बोटींची कर्जं माझ्याच टेबलावर होती, म्हणून खलाशांशी बोलणं व्हायचं. १ जूनला मासेमारी बंद होते, पावसाळा संपत आला की पुन्हा बोटी सुटतात. त्याआधी खलाशी मालकाकडून उचल घेतात आणि मग तो आकडा फेडत मोसमभर बोटीवर. एकेक फेरी पंधरा-वीस दिवसांची. सात-आठ माणसं, झोपायला केबिनीतली फळी, तीही पाळीनं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, सोडला तर पोहता न येणारे पण भेटले.

तिथे बर्फ नाही, पण दुसरं आहे. मासे मिळत नाहीत म्हणून बोटी कच्छमधल्या जखाऊच्या बाजूला वर वर जातात, समुद्रात रेघ काही आखलेली नसते, आणि पाकिस्तानवाले बोटीसकट उचलून नेतात. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारांचाच भरणा. एक बाई खात्यात पैसे आले का बघायला यायची. नवरा कराचीच्या तुरुंगात, बोटही तिकडेच, आणि घेतलेली उचल इकडे तशीच उभी. तिला काउंटरवर काय सांगायचं, हे बँकेच्या कुठल्या सर्क्युलरमध्ये नव्हतं.

भाच्याला एवढं सांगा की समुद्रच पाहिजे असेल तर वेरावळची रात्रीची गाडी आहे. धक्क्यावर चार दिवस राहून ये म्हणावं, खर्च दोन हजार.

भाचा स्वतः

मावशीनं लिंक पाठवली. सगळं वाचलं. रावपुरावाले भाऊ, मगरीचा जोक जुना झाला.

मी पण क्लिअर बोलतो. सगळे धोका धोका करतायत. मी पॉवर प्रेसवर आहे, पत्रा दाबायची-कापायची मशीन. हात आत जाऊ नये म्हणून असतं ते गार्ड लावलं की स्पीड कमी होतो, म्हणून गार्ड काढून ठेवतात, सुपरवायझरला माहीत असतं. दिवाळीआधी माझ्या शेजारच्या मशीनवाल्याची दोन बोटं गेली. डाव्या हाताची, मधलं आणि त्याच्या बाजूचं. त्या दिवशी बारा तासांची शिफ्ट होती, दहावा तास चालू होता. मशीन पुसून अर्ध्या तासात दुसरा माणूस बसवला. तर काका, बोटं तिकडे वाकडी होतात, इकडे तुटतात. तिकडे निदान किंमत तरी मिळते. सतरा हजारांत कुणी माझ्यासाठी असं लांब लांब लिहिलं नव्हतं.

एजंटला काल बोटीचं नाव विचारलं. म्हणाला पेमेंटनंतर अलॉट होते. व्हिसाचं विचारलं तर थंब्स अप पाठवला.

इंजिनरूम

बाळा, प्रेसचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तुझ्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. गार्ड काढून प्रेस चालवणं बेकायदा आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला नाव न देता कळवता येतं, ते कर. शेजारच्याचं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, भरलेलं असेल तर बोटांची नुकसानभरपाई पेन्शनच्या रूपात मिळते, त्याला कुणी सांगितलंय का बघ. बरेचदा सांगतच नाहीत.

दहावा तास म्हणालास ना, तेच मी वर दोरापाशी लिहिलं होतं. प्रेस काय नि पॉट काय, माणूस थकला की हात एक क्षण मागे राहतो. फरक असा की मकरपुऱ्यातून दहा मिनिटांत दवाखाना येतो. बेरिंगमध्ये हेलिकॉप्टर येतं, तेही हवा असेल तर.

अलॉट होते म्हणे! बोट काय म्हाडाचा फ्लॅट आहे? असो. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटची सरकारकडे नोंदणी लागते, ई-मायग्रेटच्या साइटवर नाव शोध. नोंदणी असली तरी तीस हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. जहाजाच्या नोकरीसाठी वेगळं लायसन असतं, डीजी शिपिंगचं (केंद्र सरकारचं जहाजांचं खातं), आणि त्यांना खलाशाकडून नोकरीचा एक रुपया घ्यायची मुभा नाही. नंबर, चॅट, स्क्रीनशॉट काढून ठेव आणि सायबरच्या १९३० वर कळव. तू वाचलास, पुढचा वाचत नाही.

समुद्र डोक्यात बसलाच असेल तर डिप्लोमाचं सोनं करायचा रस्ता आहे. मेकॅनिकल डिप्लोमावाल्यांसाठी मरीन इंजिनियरिंगचा दोन वर्षांचा कोर्स असतो, डीजी शिपिंगच्या यादीतल्याच संस्थेत घ्यायचा, यादीबाहेरची इमारत कितीही चकचकीत असली तरी पाय ठेवायचा नाही. फी जबरी आहे, ते लपवत नाही, आणि कोर्सनंतर पहिलं जहाज मिळायला चपला झिजतात. पण जहाजावर पगार ठरलेला, विश्रांतीचे तास लिहून ठेवावे लागतात, आणि सुटीवर घरी येता येतं. सुरक्षेच्या बेसिक कोर्सात लाइफजॅकेट घालून वरून पाण्यात उडी मारायला लावतात, तिथे लालबाग कामाला येईल.

भाचा स्वतः

ओके काका. पैसे भरत नाहीये, आईला सांगितलं. एजंटनं ब्लॉक केलं, मी ब्लॉक करायच्या आधी. कोर्सला चष्मा चालतो का? माझा मायनस दीड आहे. आणि वय निघून जातंय का?

इंजिनरूम

इंजिन साइडला चष्मा चालतो, त्याची मर्यादा असते, दीडला घाबरू नकोस. रंग नीट दिसले पाहिजेत. मेडिकल डीजीनं मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच करून घे, आणि ते कोर्सची फी भरायच्या आधी, नंतर नाही. वय २३ म्हणजे अजून बसतंय, पण उगाच वर्ष घालवू नकोस. रविवारी सकाळी मी कमाटी बागेत फिरायला असतो, साडेसात ते नऊ, बँडस्टँडच्या बाजूला. मार्कशीट घेऊन ये, आईलाही आण. शेजारच्या त्या मुलाचे ईएसआयचे कागद असतील तर तेही.